बेलची वायर आणि अक्काचं इरकल

"हे वायरिंग केलंय का भानामती?" माझी थोरली बहीण, अक्का, वायरमन अण्णांवर ओरडत होती. हुबळीच्या नवनगरातला तिचा आवाज धारवाडच्या पलीकडं पोचला असणार. हातात तिचं लग्नातलं इरकल, पदराला वीतभर काळं भोक. आमच्या घराचं सगळं वायरिंग करणारे, कलघटगीहून बसनं येणारे अण्णा मान खाली घालून उभे. त्यांच्यामागं मी गंभीर चेहरा करून उभा. इतका गंभीर चेहरा हुबळी-धारवाडात दुसऱ्या कुणाला जमला नसता.

भोक माझं होतं.

नरकचतुर्दशीच्या आंघोळी. पाहुणे चाळीस, म्हणजे खरे नऊ. गीझर पुरेना, म्हणून परसातल्या पिंपात पाणी तापवायची कॉईल सोडायचं मी ठरवलं. पहाटे वायर कुठली मिळायला? माळ्यावर दारावरच्या बेलची उरलेली वायर होती, शेवयीएवढी बारीक. तीच स्वयंपाकघरातून ओढून कपड्यांच्या दोरीवरून नेली. दोरीवर आदल्या दिवशी धुतलेलं इरकल होतं.

अण्णांनी मला पूर्वी समजावलं होतं. बारीक आणि लांब वायर विजेला अडवते, आणि वीज अडली की वायर तापते. कॉईल मुद्दाम अडवते, म्हणून पाणी तापतं. वाटेतल्या वायरीनं अडवायचं नसतं, म्हणून ती जाड हवी. मी तेव्हा मान अशी डोलावली होती की त्यांना वाटावं, विजेचा शोध मीच लावला. बेलला वीज लागते चिमूटभर, कॉईलला घागरभर. पाणी कोमट व्हायच्या आधी वायरीचं प्लास्टिक वितळून इरकलावर सांडलं.

मी वायर केरात कोंबली आणि म्हणालो, घरातली लाईनच खराब आहे.

अक्कानं ते सगळ्या ओळीत सांगितलं. त्या ओळीतल्या एकाही घरानं अण्णांना परत बोलावलं नाही. मला फराळ गोड लागेना. चकल्या मात्र डबाभर संपवल्या, ते वेगळं.

महिन्यानं मी कलघटगीला त्यांच्या घरी गेलो. पाहुण्यांपासून सुरुवात करून, वाटेत थोडं वादळ आणि एक माकड घालून, शेवटी कसाबसा बेलच्या वायरीपाशी आलो. अण्णा पक्कड पुसत ऐकत होते.

"वायर मी त्याच दिवशी केरात बघितली," ते म्हणाले. "अक्कांना सांगितलंत का?"

"अजून नाही."

"मग इथं कशाला आलात?"