सेल आधी काढायचा

माझे सासरे घड्याळजी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागे आम्ही. डोळ्याला भिंग लावून ते खिडकीशी बसले की जग बुडालं तरी मान वर करत नाहीत. सासूबाई स्वयंपाकघरातून "अहो!" म्हणायच्या, सासरे न वळता "काय गं?" म्हणायचे, आणि भिंतीच्या आरपार भांडण सुरू व्हायचं. दुधापासून व्याह्यांपर्यंत एक विषय सुटायचा नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी घाबरले होते. नंतर कळलं, या दोघांचं बोलणंच असं आहे.

मग सासूबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज कायमचा गेला. माझ्या नवऱ्याने पाटी आणून दिली. पण पाटीवर कुणाला भांडता येतं? त्यांचं लिहून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. शिवाय समोरच्याने वळून बघायला हवं. सासरे बघायचे, अगदी भिंग काढून, मन लावून वाचायचे आणि "बरं" म्हणायचे. त्या गरीब "बरं"नेच सासूबाई खचल्या, असं माझं स्पष्ट मत आहे. हळूहळू पाटी कपाटामागे गेली आणि त्या मागच्या खोलीत जाऊन बसायला लागल्या. दुकानातली टिकटिक स्वयंपाकघरात ऐकू यायला लागली. मला ते घर खायला उठायचं. सासऱ्यांचं तर कामातलं लक्षच उडालं होतं.

शेजारी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईंचं दुकान आहे. तोंडाने फटकळ, मनाने चांगल्या. लिहिलेलं मोठ्याने बोलून दाखवणारा प्रोग्रॅम असतो, असं त्यांनी सांगितलं आणि सासऱ्यांनी तेच धरून ठेवलं. मोबाईलवरची बारीक अक्षरं सासूबाईंना दिसत नव्हती, म्हणून माळ्यावरचा जुना लॅपटॉप खाली आला. तो सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तोवर माणसाचा राग शांत व्हावा.

"यावरची जुनी सिस्टीम काढून लिनक्स टाका, काका. हलकं असतं, पळेल," म्हणून बाईंनी पेन ड्राइव्ह दिला.

"बाबा, मी नवा आणतो ना," नवरा म्हणाला.

"तुझा नवा येईपर्यंत तिने काय करायचं? भिंतीकडे बघत बसायचं?"

सासऱ्यांनी लॅपटॉप उघडला, आतली धूळ झटकली, पुन्हा बंद केला. मग तबकडीवरचे आकडे रंगवायच्या ब्रशने एकेका बटणावर सुबक मराठी अक्षर काढलं. सासूबाई दारातून बघत होत्या. लिनक्स सुरू झालं, भाषा विचारली, सगळं गोडीत चाललं होतं. आणि कुठे बसवू हे विचारायची वेळ आली तेव्हा म्हणालं, हार्ड डिस्क सापडत नाही.

"सापडत नाही म्हणजे? आत्ता माझ्या हातात होती!"

त्यांनी डिस्क काढून पुसून परत बसवली. वायर हलवून बघितली. दुसरा पेन ड्राइव्ह आणला. डिस्क शेजारी नेऊन बाईंच्या मशीनला लावली, तिथे ती मुकाट्याने दिसली. घरी आणली की पुन्हा तेच. बाई स्वतः येऊन बघून गेल्या. "डिस्क ठणठणीत आहे. बोर्ड गेला असणार. नाद सोडा," म्हणाल्या.

सासरे त्या रंगवलेल्या बटणांकडे बघत बसले. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच नवऱ्यावर ओरडले.

तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवून टकटक करायला लागल्या. "हो, जेवू या," सासरे म्हणाले. सासूबाईंनी नाही म्हणून मान हलवली, पुन्हा टकटक. शेवटी वैतागून कपाटामागची पाटी ओढून काढली आणि लिहिलं: घड्याळ चुकलंय.

खरंच चुकलं होतं, थोडंथोडकं नव्हे, कित्येक वर्षांनी. घड्याळजीच्या घरात चुकलेलं घड्याळ! सासरे तसेच लॅपटॉप घेऊन शेजारी गेले, मी मागोमाग.

"हे लावायचं कुठून?"

बाईंनी पडदा बघितला, मग सासऱ्यांकडे. "काका, आतला चपटा सेल काढला होता का तुम्ही?"

"म्हणजे काय! सेल न काढता कुणी कशाला हात लावतं का? सेल आधी काढायचा. मग परत लावला की."

बाईंनी कपाळावर हात मारला. तो सेल निघाला की घड्याळाबरोबर मशीनच्या सगळ्या सेटिंग पुसल्या जातात आणि ते कारखान्यातून आलं तसं होतं. डिस्क जागेवरच होती, पण मशीन तिला आता ज्या पद्धतीने दाखवत होतं ती लिनक्सला कळत नव्हती. बाईंनी लॅपटॉप सुरू होता होता एक बटण दाबून धरलं, स्टोरेजच्या रकान्यातली 'रेड' पद्धत बदलून 'एएचसीआय' केली, तारीख लावली. सासऱ्यांनी खणातून नवाकोरा सेल आणून दिला, तो बाईंनी बसवला. त्यांना हात लावू दिला नाही.

डिस्क दिसली. लिनक्स बसलं. बोलणारा प्रोग्रॅम चढवून लॅपटॉप मागच्या खोलीत सासूबाईंपुढे ठेवला, तरी त्यांनी त्याला हात लावला नाही. सासरे थोडा वेळ घुटमळले आणि दुकानात येऊन एक मनगटी घड्याळ उघडून बसले. मी त्यांच्यासमोर उभी होते.

"अहो."

पत्र्याच्या डब्यातून यावा तसा आवाज, त्यातून पुरुषाचा. सासऱ्यांच्या हातातला चिमटा थांबला.

"काय गं?" ते म्हणाले. वळले नाहीत.

मागे बटणं वाजत राहिली. आम्ही वाट बघत राहिलो.

"मोरीचा नळ गळतोय. किती वेळा सांगायचं?"

सासऱ्यांनी भिंग काढलं, सदऱ्याच्या टोकाने पुसलं, डोळेही पुसले आणि भिंग परत लावलं. मग पाठमोरेच, भिंतीपलीकडे पोचेल अशा आवाजात ओरडले, "एकदा तरी सांगितलंस का? उगाच खोटं बोलू नकोस!"