फेटे झाले, हौसामावशी राहिल्या

मंडळी, आज कोल्हापुरात विस्थापितांवरच्या एका पुस्तकाच्या लेखकाशी गप्पा होत्या. धरणात गाव बुडालेल्या हौसामावशीही बोलणार होत्या. पुस्तकात त्यांचीच कहाणी आहे.

पण आधी सत्कार! पाहुण्यांना फेटे बांधण्यातच तासभर गेला. मावशींनाही शाल-नारळ मिळाला. त्यांनी माईक धरला, तोच निवेदक म्हणाले, "मावशी, थोडक्यात हं. हॉल सोडायचाय."

"गाव उठवताना सायेबबी आसंच म्हणालतं की, थोडक्यात सांगा," मावशी म्हणाल्या आणि नारळ टेबलावर ठेवून खाली उतरल्या.

यावर लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या! "मावशी, थांबा, बोला" असं एकही जण म्हणाला नाही.

संताप आवरत नाही. मावशींचं ऐकायचंच नव्हतं, तर त्यांना बोलावलं कशाला? फेटे बघायला?