धोंडीरामच्या मिशा

कर्रर्र... जुन्या कॅमेऱ्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. तो सुरू झाला की आम्ही श्वास रोखून धरायचो. मी ट्रॉली ढकलणारा माणूस. कोल्हापुरात तेव्हा पिक्चर निघायचे आणि एकेका पिक्चरमागे ढीगभर किस्से उरायचे. पिक्चर थेटरातून उतरला तरी किस्से काही उतरत नाहीत! आमच्या घोडेस्वार राणीच्या पिक्चरचे तर अजून संपलेले नाहीत.

*

राणी घोडीवरून दरी ओलांडते, ती उडी जोतिबाच्या पायथ्याला घ्यायची होती. हिरॉईनला घोडीवर बसता येईना. मग तिच्या जागी धोंडीराम टांगेवाला बसला, नऊवारी नेसून, पदराखाली मिशा झाकून. घोडीही त्याच्याच टांग्याची. ती वाऱ्यासारखी आली. उडीची खूण म्हणून असिस्टंटनं हात वर केला, तर घोडी नेमकी त्याच्यापुढं येऊन थांबली! आम्ही सगळे थक्क.

पदराआडून धोंडीराम म्हणाला, "बसा पावणं. कुठं सोडू?"

*

आमचे कॅमेरामन आण्णा. त्यांनी ओढ्याकाठी खड्डा खणायला लावला आणि कॅमेरा घेऊन त्यात आडवे झाले. "घोडी माझ्या अंगावरनं जाऊ दे!"

आम्ही हादरलो. घोडी गेली. आण्णा मातीतून वर आले ते पांढरेफटक पडून. मी धावलो, "आण्णा, लागलं का?"

"मला काय हुतंय? पदर उडाला की! राणीला मिशा हायत!"

*

उडी परत घ्यायची म्हणून धोंडीरामनं मिशा काढल्या. आमच्याकडं बाप गेला की माणूस मिशा काढतो. धोंडीराम तसाच घरी गेला, तर गल्लीतल्या बायका गळा काढूनच धावल्या. त्याचे वडील, आबा, दारात तंबाखू मळत बसले होते. पोराचं तोंड बघून त्यांच्या हातातली तंबाखू सांडली.

"मी जिता हाय की अजून!"

एवढंच बोलले. त्यानंतर पोराशी बोलणं बंद. घोडी उडवताना न भ्यालेला धोंडीराम माझ्याजवळ बसून रडला.

*

परवा नातवानं तोच पिक्चर मोबाईलवर लावला. "आजोबा, ही दरी कुठं हाय?"

नेऊन दाखवली. तो बघतच राहिला. "ह्यो ओढा? आमची शेरडीबी पार करंल की!"

घरी येऊन त्यानं पुन्हा लावला. उडी आली तसा त्यानं माझा हात घट्ट धरला.

*

पिक्चर लागला तेव्हा आबा बघणार नाही म्हणाले होते. एका मॅटिनीला ते मला पुढच्या रांगेत दिसले. उडी आली आणि अख्खं थेटर उभं राहिलं. शिट्ट्या काय, फेटे काय! आबा तेवढे बसून. हातातली टोपी पिळत होते.

पुढं दुसरा पिक्चर निघाला. आण्णा मला घेऊन धोंडीरामच्या घरी गेले. "राणीला परत उडी मारायची हाय, बाबा."

धोंडीरामच्या मिशा नुकत्या कुठं भरल्या होत्या. तो मान खाली घालून म्हणाला, "न्हाई आण्णा. बाप बोलंना झालाय. आता ह्या मिशांना हात लावायचा न्हाई."

आबा आतून ऐकत होते. ते बाहेर आले. हातात पाण्याची वाटी आणि त्यांचा स्वतःचा वस्तरा. दोन्ही त्यांनी पोरापुढं ठेवलं, पायात चपला घातल्या आणि गल्लीतून निघून गेले.