कुंपणातली वाट

बाळांनो, तुमचे आजोबा पास्कलबाबा गेल्याची तार तुम्हांला कराचीत मिळाली, त्याला आता महिना होत आला. तुमचे फ्रान्सिसकाका म्हणताहेत, त्यांच्या नि माझ्या घरामधलं बांबूचं कुंपण काढून पक्की भिंत घालू. वाडी पुढे तुमचीच, म्हणून तुमच्या बाबांनी तुमचंही मत विचारलंय. ते देण्याआधी विहिरीजवळ कुंपणात जी मोकळी जागा आहे, ती कशी झाली ते ऐका. तुम्ही तिथून पळत ये-जा केलीत, पण ती झाली तेव्हा तुमचा जन्म व्हायचा होता.

पास्कलबाबा मिठागरवाले, ठाण्याच्या खाडीकाठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, रोमन कॅथलिक. मी शेजारची, मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेली प्रॉटेस्टंट विधवा. विहीर त्यांच्या अंगणात, पाणी दोन्ही घरांचं. तुमच्या आईबाबांनी, म्हणजे माझ्या लेकीनं आणि त्यांच्या मुलानं, लग्नाचं नाव काढलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी मध्ये कुंपण घातलं. मी तळ्यावरून पाणी आणू लागले. लग्न मलाही नकोच होतं, त्यामुळे भांडायचं तरी कशावरून...

संध्याकाळी ओट्यावर मी तुमच्या आईला फ्रान्सचा इतिहास शिकवायची. इंग्रजी वाचायचं, मराठीत सांगायचं. एकाच राज्यातले कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट तीस-पस्तीस वर्षं एकमेकांची गावं जाळत राहिले, तो भाग चालला होता. कुंपणापलीकडे पास्कलबाबा टोपली विणत बसलेले. एकदम आवाज आला, "काय गो बाय, आमची मेली का तुमची?"

"दोन्हीकडची."

"हां! तुज्या मडमेच्या बुकात आमचीच वाईट असतील."

मी पुढचं पान वाचलं. आमच्या लोकांनी देवळांतल्या मूर्ती फोडल्या, पाद्री मारले, ते सगळं. पलीकडे टोपली थांबली.

"ह्ये पन लिवलंय?"

"लिहिलंय."

"मंग वाच फुडं."

तेव्हापासून ते रोज तिथे येऊन बसत. एका संध्याकाळी लग्नाची गोष्ट आली. भांडण मिटावं म्हणून राजाची कॅथलिक बहीण प्रॉटेस्टंट राजपुत्राला दिली. त्याच्याकडची सारी मंडळी राजधानीत जमली आणि लग्नाला आठवडा होण्याआधीच कापली गेली. नवरदेव तेवढा वाचला.

"वऱ्हाडी मारले?" पास्कलबाबा उठून उभे राहिले. त्यांच्या घरी लग्न म्हणजे सगळा गाव दारात, शत्रू आला तरी आधी पान वाढायचं. "पाव्हने बोलावून मारले? आमच्यांनी?" टोपली तिथेच टाकून आत गेले. सकाळी कोयत्यानं विहिरीजवळचे बांबू तोडत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पानी भर."

सुताराला बोलावून तिथे दार बसवायचं ठरलं. तोवर मी शेवटाशी आले होते. तो वाचलेला नवरदेव पुढे राजा झाला आणि त्यानं वचन दिलं की दोघांनीही आपापल्या रीतीनं देव भजावा. मी पुस्तक मिटलं.

"नि मंग?"

मला तिथेच थांबायचं होतं. "मग त्याच्या नातवानं ते वचन मोडलं. आमच्या लोकांना देश सोडून पळावं लागलं."

"नातवानं..." ते उठून त्या तोडलेल्या बांबूंपाशी गेले. मग सुताराला परत पाठवलं. "दार नको. दार आलं का कडी येते. मी नाय लावनार, माजा पोरगा नाय लावनार. नातवाचं कोन सांगल?"

तुमच्या आईबाबांचं लग्न त्यांच्या देवळात झालं. मला ते सोपं गेलं नाही. मी मागच्या बाकावर बसले, पण बसले. पुढेही आमचं पटलं असं नाही. रविवारी मी माझ्या देवळातून परतताना ते हमखास विचारत, "काय बाय, आज किती लांबवलं तुज्या पाद्र्यानं?" दर पावसाळ्यानंतर कुजलेले बांबू बदलताना मात्र ती जागा स्वतः उभे राहून मोकळी ठेवून घेत.

शेवटचे भेटले तेव्हा खाटेवर होते. मी त्याच वाटेनं पेज घेऊन गेले. "बाय," म्हणाले, "कराचीची पोरं कशी हायेत?"

"बरी आहेत. उंच झालीत."

"उंच नाय विचारलं."

त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे, भिंतीबद्दल मत कळवताना.

यंदा बांबू मीच बदलून घेतले. विहिरीजवळची जागा मोकळी आहे, दार नाही. आज सकाळचं पाणी मी तिथूनच आणलं.