सुतातली रेघ

माझा उजवा डोळा जन्मापासून अधू. सगळा संसार बघितला तो डाव्यानं. म्हणून डाव्याचा पडदा सुटला तेव्हा घरात रडारड झाली, आणि ऑपरेशननंतर सगळे एकदम गोड बोलायला लागले तेव्हा मला संशय आला. कोल्हापुरात माणूस गोड बोलायला लागलं की समजावं, काहीतरी बिनसलंय.

डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला होता. तो पडदा दाबून धरणार, म्हणून मी दिवसरात्र पालथी, तोंड उशीत. पाठीमागे कुजबुज चाले. मुलगा विचारायचा, "आई, दिसतंय न्हवं?" मी म्हणायची, "उशी दिसती." सून लगेच म्हणे, "दिसंल की आत्ती, सगळं पयल्यावानी दिसंल." हिला कुणी सांगितलं? आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर मला का नाही?

पुढे बुडबुडा विरत गेला. उजेड आला, रंग आले, माणसं ओळखू यायला लागली. वाकायची परवानगी मिळाली त्या सकाळी मी आधी दारात रांगोळी घातली. लग्न होऊन आले तेव्हापासून दारातली रांगोळी माझी. रेघ बघायला गल्लीतल्या बायका थांबायच्या. रेघ जमली तर नजर परत मिळाली, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

चौकोन काढला. चारी बाजू सुतात. समाधानानं चहाला आत गेले. बाहेर येऊन बघते तर एक बाजू मधेच वाकलेली. दुसऱ्या दिवशीही तेच. दाराची चौकटही जरा फुगल्यासारखी दिसे, पण ते लाकूड, ओल धरतं. रांगोळी कशी फुगेल? कुणीतरी हात लावत होतं. आणि त्या रांगोळीवर डोळा ठेवून असणारी घरात एकच बाई होती.

मग एकदा चहाचा कप घेऊन मी खिडकीआड उभी राहिले. सून आली, इकडंतिकडं बघितलं, वाकली, माझी रेघ पुसली आणि चिमटीनं नवी ओढली.

"घावलीस!" मी बाहेर आले. "माझी रेघ का बिघडवतीस गं?"

ती दचकली. "बिघडवत न्हाय, आत्ती. वाकडी पडतीया, ती सरळ करतो की मी."

"वाकडी? सुतात हुती!"

ती आत गेली आणि मुलाची कामावरची पोलादी पट्टी घेऊन आली. मुलगा कागलच्या एमआयडीसीत मापं तपासायच्या कामाला आहे. तिनं पट्टी आपल्या रेघेला लावली. मला पट्टीच वाकलेली दिसली. पहिला विचार आला, हिनं मुद्दाम वाकवून आणलीय. मग मी डोळे मिटून पट्टीच्या कडेवरनं बोट फिरवलं. बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलं.

मी पायरीवरच बसले.

"कवापासनं करतीयास हे?"

"पयल्या दिसापासनं. गल्लीतल्या बायका हसतील, आन तुमास्नी कळलं तर धीर सुटंल, म्हणून."

दवाखान्यात डॉक्टरांनी चौकटींचा कागद समोर धरला. रेघा वाकड्या दिसतात, असं मी सांगून टाकलं. ते म्हणाले, पडदा जागेवर बसलाय, पण त्याला थोडी सुरकुती राहिलीय. वाकडेपणा हळूहळू कमी होईल, कदाचित थोडा कायम राहील. तो 'कदाचित' मला मुळीच आवडला नाही. पण इतक्या दिवसांत माझ्याशी कुणी बोललेला तोच एक खरा शब्द होता.

आता रेघ मीच ओढते, सून शेजारी उकिडवी बसते. परवा विचारलं, "सरळ हाय?"

"जरा डावीकडं गेलीया."

मी पुसून पुन्हा ओढली. "आता?"

"आता सुतात."

मला ती चांगलीच तिरकी दिसत होती. मी सुनेच्या तोंडाकडं बघितलं, हाताची रांगोळी झटकली आणि रेघ तशीच राहू दिली.