दमयंतीबाई मुलांकडून काय लिहून घेतात

"त्या बाईसमोर पोरांना तोंड उघडू देऊ नका," असे तारापुरात शेजारपाजारचे म्हणत. "आज पोर बोललं, की उद्या ते मुंबईला छापून येतं."

दमयंतीबाई मूळच्या एडवणच्या. नारळी-सुपारीच्या वाडीत वाढलेल्या, पुढे शिकून शाळेत मराठी शिकवू लागलेल्या आणि तारापुरात एका भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या. मुंबईचे एक मासिक दरवर्षी विद्यार्थ्यांसाठी कथास्पर्धा ठेवी. पाऊस सरला, की बाई नववी-दहावीच्या मुलांच्या मागे लागत. राजा-राणी नको, बोलणारा पोपट नको; आपल्या माणसांची गोष्ट लिहा, असा त्यांचा आग्रह. मुले टाळाटाळ करू लागली, की शनिवारी शाळा सुटल्यावर बाई छत्री घेऊन थेट त्यांच्या घरी जात आणि ओटीवर बसून राहत.

आजवर बक्षीस एकालाही मिळाले नव्हते. एकच गोष्ट छापून आली होती, ती बळवंताच्या मुलाची. शेजारच्या वाडीतले नारळ बाप-लेकांनी कसे उतरवले, ते त्याने फार रंगवून लिहिले होते. अंक गावात आला त्याच दिवशी शेजारी बळवंताच्या अंगणात येऊन उभा राहिला. तेव्हापासून बाईंची छत्री वळणावर दिसली, की लोक पोरांना आत बोलावून घेत.

त्यात किनाऱ्यावर वीजकेंद्रासाठी जमिनीची मोजणी सुरू झाली होती. साखळ्या आणि निशाणे घेतलेली परकी माणसे रोज हिंडत. कुणाचे घर जाईल, कुणाचे राहील, हे कुणालाच ठाऊक नव्हते; त्यामुळे हातात कागद असलेल्या प्रत्येक माणसाकडे लोक वाकड्या नजरेने पाहत.

अशा दिवसांत दांडी गावचा देवू एका सकाळी बोंबील वाळत घालत होता. त्याचा चुलतभाऊ चिंधू शेजारी येऊन उभा राहिला.

"तुज्या पोरीनं, लाडकीनं, आपल्या जाळ्याच्या जाग्याची गोष्ट लिवलीय, म्हनं. खुणा-बिणा सगळ्या घालून."

"कोन बोलला?"

"माजा पोर. तिच्याच वर्गात हाय. बाईनं वाचून दाखवली सगळ्यांसमोर. आता मुरब्याचे होडीवाले येतील आपल्या जाग्यावर, आनि तू बस काठावर शिंपल्या येचत!"

देवूच्या हातातला बोंबील तसाच राहिला. त्याच्या घराण्याचे जाळी बांधायचे खुंट समुद्रात पाण्याखाली रोवलेले होते. जमिनीवरच्या दोन खुणा होडीतून एका ओळीत दिसल्या, की खाली खुंट आहेत असे समजायचे. त्या खुणा बापाने मुलाला सांगायच्या, त्याही भर समुद्रात. काठावर त्यांचा उच्चार करायचा नाही, बायकोजवळसुद्धा नाही. हीच त्या घराची मिळकत होती.

मग पोरीला सांगितले कुणी? देवू घरी गेला तो म्हाताऱ्या बापापाशीच.

"बाबा, तू बोललास काय लाडकीला?"

"मी?" म्हातारा जिवल्या उखडला. "अरे, मी समुद्रात पन हळू बोलतो!" त्याने भिंतीकडे तोंड फिरवले आणि त्या दिवशी भाकरीला हात लावला नाही. लाडकीला विचारले, तर ती एवढेच म्हणाली, "गोष्ट हाय ती, बाबा," आणि कळशी उचलून पाण्याला गेली. देवूचा संशय आणखीच पक्का झाला. बाईने पोरीला फितवले, आणि बाईला मोजणीवाल्यांनी.

शनिवारी दुपारी तो बाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. आत बाई खळ लावून पाकिटे चिकटवत होत्या. टपाल जायची वेळ झाली होती.

"लाडकीचा कागद द्या, बाई."

"बसा, देवूभाऊ. का हवाय?"

"फाडायला."

बाईंनी एका उघड्या पाकिटातून कागद काढला. "फाडा. पण आधी ऐका. नंतर मी अडवणार नाही."

देवू बसला नाही. चौकटीला टेकून, डोळे बाईंच्या हातांवर ठेवून ऐकू लागला. गोष्टीतल्या आजोबाची दृष्टी गेली होती. नात होडीत पुढे बसून त्याला काठावरचे दिसेल ते सांगत होती, आणि आजोबा त्यावरून जागा ओळखत होता. "देवळाचा कळस आणि दोन डोक्यांचा ताड एका ओळीत आले, आजोबा," असे नात म्हणते, तिथे बाई पोहोचल्या आणि देवू ताठ झाला.

"परत वाचा."

बाईंनी परत वाचले.

देवूने मनातल्या मनात होडी लोटली, कळस धरला, ताड धरला. मग तो एकदम खाली बसला आणि हसू लागला. "ह्या खुणांवर कोन गेला ना, बाई, तर चिखलात रुतून बसल! भरती येईपरेंत हलायचा नाय!"

"म्हणजे तुमची जागा ही नव्हे?"

"कशी असल? आमच्यात बायकांना होडीत घेत नाय. ती काय बघनार, आनि तिला कोन सांगनार?" म्हाताऱ्याला उगाच दुखावले, हे आता त्याला जाणवले. त्याने पाकीट स्वतःच बाईंच्या पुढे सरकवले. "धाडा. मुंबईला वाचू द्या."

बाईंनी कागद आत घालून पाकीट चिकटवले, इतर पाकिटांवर ठेवले आणि छत्री घेतली. देवूही उठला. पण उंबऱ्याशी त्याचे पाऊल अडले. त्याचे डोळे पुन्हा बारीक झाले.

"पन बाई, आजोबाचे डोळे चांगले हायत. पोर कधी होडीत बसली नाय. खुणा खोट्या. म्हंजे तुमी आमच्या पोरींना खोटं लिवायला शिकवता?"

"हो, शिकवते," बाई म्हणाल्या. "नको असेल, तर तिला एकदा होडीतून न्या."