दोन रुक्मिणी आणि मांडीचे हाड

“अम्मा, फीमर मोडलंय,” एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून डॉक्टर म्हणाले. फीमर म्हणजे मांडीचे हाड. माझे ते नेकला, म्हणजे खुब्याजवळच्या निमुळत्या भागात मोडले होते. धुक्यातल्या फांदीसारखे ते हाड माझेच आहे हे मला पटेना.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षे झाली असतील. मी कुंभकोणमला मुलींच्या शाळेत शिकवत असे. जवळच्या तिरुविडैमरुदूर गावाहून परतताना बसच्या पायरीवरून डाव्या कुशीवर पडले. धाकटी बहीण मला एका लहान खासगी इस्पितळात घेऊन आली.

शेजारच्या खाटेवर चोळपुरम्‌ची एक शेतकरीण होती. तिचेही नाव रुक्मिणी. गवताच्या गंजीवरून पडून तिचीही डावी मांडी मोडली होती, पण शाफ्टला, म्हणजे हाडाच्या मधल्या दांड्याला. तिला ट्रॅक्शन द्यायचे होते. पायाला वजन बांधून हाड ताणून ठेवायचे. मला मात्र शस्त्रक्रिया करून खिळा बसवायचा होता.

इंजेक्शनांमुळे दिवस पाण्याखालून गेल्यासारखे जात. पंख्याची सावली भिंतीवर पोहत असे. कोणी ‘रुक्मिणी’ म्हटले की आपल्याला बोलावले की तिला, हे समजायला वेळ लागे.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी स्ट्रेचर आले आणि तिच्या खाटेपाशी थांबले. ती गाढ गुंगीत होती. दोघींच्याही कागदांवर एवढेच होते: रुक्मिणी, फीमर मोडले.

चुकून तिला नेत आहेत, हे मला कळले होते. तरी मी डोळे मिटून घेतले. तिला नेले तर माझे टळेल, असे त्या गुंगीतही वाटले. हे लिहिताना आजही लाज वाटते.

“थांबा,” नर्स म्हणाली. “कोणता पाय, हाड कुठे मोडलंय, काहीच लिहिलेलं नाही.” ती दोन्ही एक्स-रे घेऊन आली. डॉक्टरांनी ते पाहिले आणि स्वतःच पेन घेतले.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “काय काय हवं ते विचारा, मी लिहितो.”

पाय डावा. नेक की शाफ्ट. मोड बंद, म्हणजे कातडी न फाटलेली. कशाने पडल्या. नर्स एकेक विचारत गेली, ते लिहीत गेले. मग मला नेले.

शुद्धीवर आल्यावर दोन दिवसांनी मी शेजारणीला सगळे सांगितले. पायाला वजन टांगलेल्या तिने मान माझ्याकडे वळवली.

“भीती वाटली असेल, अक्का,” ती म्हणाली. “मी जागी असते, तर मीही डोळेच मिटले असते.”

मी आता काठी घेऊन चालते. तुमच्यावर अशी वेळ आली, तर कागदावर काय लिहिलेय ते वाचून दाखवायला सांगा. मी तपासणीला गेले की माझे डॉक्टर वाचून दाखवतात. ऐकताना वाटते, एवढ्या माणसांत कोणीतरी मला नीट पाहिले आहे.